मीठं बंद

परवा वरच्या खोलीतली मुलगी जिना उतरून खाली आली आणि मोबाइल माझ्या नाकापुढे धरून म्हणाली, काकू, हे बघा, तुमच्या शुगरला चालेल. मोबाइलमध्ये एक बाई संत्री पिळत होती. लो-कार्ब सिट्रस सॉस म्हणे. ही मुलगी साताऱ्याकडची, इथे कुठल्याशा कंपनीत नोकरीला आलेली, माझ्याकडे भाड्याने राहते. एरवी आमचं बोलणं म्हणजे पाणी आलं का, गेट लावू का, बस. त्यामुळे ती मुद्दाम खाली आली हेच मला नवल वाटलं. चष्मा लावून पाहिलं तर त्या बाईने रस ठेवला आणि सालं सरळ कचऱ्यात टाकली. मी म्हटलं, हिला काही येत नाही, असली चीज तर फेकून दिली. मुलगी हसली. तिला वाटलं म्हातारी खामखा चिडली.

चिडलेच होते. हा सॉस माझ्या घरी झाला तेव्हा त्याला असलं काही नाव नव्हतं, आणि तो करणारा माणूस स्वयंपाकी नव्हता. मिलमध्ये सुताला खळ लावणारा होता. पण हे तिला कुठून सांगायचं? म्हटलं, रविवारी संत्री घेऊन ये, मी दाखवते. बोलून बसले आणि मग दोन दिवस माझंच चित्त थाऱ्यावर राहिलं नाही, कारण ह्यांच्या मागे तो सॉस मी कधी केलेलाच नव्हता.

ह्यांच्या म्हणजे माझ्या नवऱ्याच्या. हे सोलापूरचे. इंदूरच्या कापड मिलमध्ये खळीच्या खात्यात लागले म्हणून इकडे आले. विणण्याआधी ताण्याचं सूत खळीतून काढतात, नाहीतर मागावर ते तटातट तुटतं. मोठ्या हौदात मक्याच्या सत्त्वाची खळ शिजवायची, ना पातळ ना घट्ट, हे ह्यांचं काम. संध्याकाळी घरी आले की अंगाला आंबूस वास यायचा. सुरुवातीला मला मळमळायचं, मग सवय झाली, मग तो वास आला की मी चहा टाकायची.

मी महूची. आजोबा तिथे पलटणीत होते, त्यामुळे आमचं सगळं खानदान महू-इंदूरचंच. मी इंदूरला सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. आमच्या घरात मराठीच बोलायचे, पण आमची मराठी म्हणजे खिचडी. भाजीत नमक ज्यादा झालंय, गिलास उचल, जल्दी कर. लग्नानंतर ह्यांनी माझी शाळा घेतली. गिलास नाही, पेला. नमक नाही, मीठ. हे सोलापूरचे, स्वतः कानडी हेल काढून बोलणार आणि माझी मराठी सुधारणार! मी जिद्दी होते, पण रोज रोज टोकल्यावर दगडही झिजतो. हळूहळू माझ्या तोंडी मीठ बसलं. महूला माहेरी गेले आणि जेवताना मीठ मागितलं तर बहिणी हसल्या, आली मोठी पुणेवाली. मूलबाळ आम्हाला झालं नाही. एकमेकांना टोकण्यातच आमचे दिवस छान चालले होते.

मग मिल बंद पडली. एकदम नाही. आधी एक पाळी गेली, मग पगार लांबायला लागले, मग एका सकाळी फाटकाला कुलूप. इंदूरच्या मिला अशा एकेक करून गेल्या. हे तरी डबा घेऊन रोज फाटकावर जायचे. तिथे सगळे लिंबाच्या झाडाखाली बसायचे, कोर्टात काय झालं, सरकार काय म्हणतंय, दिवसभर तेच. नंतर तिथली गर्दी पांगली. कोणी भाजीची गाडी लावली, कोणी गावी गेलं. हे पीथमपूरच्या नव्या कारखान्यांत विचारायला गेले, तर तिथे त्यांना जवान पोरं पाहिजे होती. हे परत आले, चपला काढल्या आणि पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपले. त्यानंतर ह्यांनी भिंतीशीच संसार मांडला म्हणायचा.

शहरात मात्र तेव्हा नुसता जल्लोष होता. दुकानांतून रंगीत टीव्ही, कोल्ड ड्रिंकच्या नव्या बाटल्या, सियागंजच्या बाजारात कधी न पाहिलेले डबे आणि सॉस. कचेरीतल्या बायका जेवणाच्या सुट्टीत कोणाकडे काय नवीन आलं हेच बोलायच्या. मी पहाटे उठून दोन्ही वेळचा स्वयंपाक करून निघायचे. संध्याकाळी आले की ताट झाकलेलं तसंच. मी बोलायचे, उत्तर नाही. मग मीही बोलायचं सोडलं. घरात दोन माणसं आणि आवाज फक्त पंख्याचा. मला ह्यांची भीती वाटायला लागली. मारतील बिरतील अशी नव्हे, तेवढा जोरच उरला नव्हता. हा माणूस आता उठणारच नाही, अशी भीती. कचेरीतून निघताना पाय घराकडे वळायचे नाहीत, आणि घरी पोचेपर्यंत जीव थाऱ्यावर नसायचा.

त्यातच माझी तहान वाढली. पाणी पिऊन पोट फुगायचं, घसा कोरडा तो कोरडाच. चपलेने अंगठ्याला साधं लागलं होतं, ते भरेना. दवाखान्यात दाखवलं. डॉक्टर म्हणाले, शुगर है, मीठा एकदम बंद, चावल-आलू भी कम करो, नहीं तो पैर की मुसीबत होगी. मी रिक्षात बसून रडले. माझी आई शुगरनेच गेली होती, आधी बोट, मग पाऊल, मग ती. शुगर हा शब्द मला घरात उच्चारवेना. घरी आले, ह्यांच्या पाठीला म्हटलं, "डॉक्टरांनी माझं मीठं बंद केलंय. एकदम बंद."

पाठ हलली. कितीतरी महिन्यांनी ह्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. एकदम, असं विचारलं. मी म्हटलं, एकदम, नाहीतर महागात पडेल म्हणाले. ह्यांनी बरं म्हटलं, एवढंच. पण दुसऱ्या दिवशी पहाटे मला स्टोव्हच्या आवाजाने जाग आली. हे उठले होते. कणीक मळून ठेवली होती आणि वरणाला उकळी येत होती. म्हणाले, आजपासून रांधणं माझं. मी न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारलं, कारण रडू ह्यांना दिसायला नको होतं.

दुपारी कचेरीत डबा उघडला. वरण अळणी. भाजी अळणी. म्हटलं, पहिलाच दिवस, विसरले असतील. रात्रीचंही अळणी. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. आणि नवल म्हणजे हे स्वतः समोर बसून तेच मुकाट जेवत होते. हा सोलापूरचा माणूस, ज्याला भाजीत चिमूटभर मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घ्यायची सवय, तो अळणी वरणाचे भुरके मारतोय! वाटलं, ह्यांची जीभच मेली. माणूस उठला खरा, पण सगळाच्या सगळा नाही उठला.

विचारायला काय हरकत होती, असं आज कोणीही म्हणेल. पण तुम्ही तो माणूस भिंतीकडे तोंड करून पडलेला पाहिला नव्हता. मी एक शब्द बोलले असते, मीठ विसरलात असं नुसतं म्हटलं असतं, आणि ह्यांनी पळी खाली ठेवली असती तर? परत त्या पलंगावर गेले असते तर? मी मिठाची गुळणी धरली. हसू नका, मिठाचीच. कचेरीत टेबलाच्या खणात पुडी ठेवली होती, डबा उघडला की सगळ्यावर भुरभुरायचे. आणि संध्याकाळी घरी अळणी जेवायचे. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात, आमच्या घरात जागण्यापुरतंही मीठ नव्हतं.

थंडी सुरू झाली, हातगाड्यांवर संत्री आली, आणि ह्यांनी तो सॉस काढला. सॉस हा शब्द ह्यांनी सियागंजातून आणला होता. बाटलीतला लाल सॉस पाहून आले आणि म्हणाले, त्यात काय एवढं, खळच तर आहे. संत्र्याचा रस, लिंबू, हिरवी मिरची, भरपूर गूळ आणि वर मक्याचं सत्त्व. ढवळताना मध्येच दोन बोटांत थेंब धरून बोटं फाकवायचे, तार किती लांब येते बघायचे. मिलमध्ये खळ अशीच बघायचे म्हणे. मी उंबऱ्यात उभी होते. हे माझ्याकडे न बघता म्हणाले, इतकी वर्षं सुताला लावली, आता तुला लावतो. मिल बंद पडल्यापासून ह्यांनी केलेली ही पहिली मस्करी.

अशा वेळी काय बोलणार? तरी भीत भीत विचारलं, ह्यात गूळ आहे ना. तर म्हणाले, "असू दे की. तेवढीच तुझ्या तोंडाला चव."

मला कोणी थोबाडीत मारल्यासारखं झालं. ज्या माणसाला मी स्वतःच्या तोंडाने सांगितलं की माझं मीठं बंद आहे, तो मला गूळ खायला घालतो आणि वर चव म्हणतो. एकतर ह्यांचं डोकं फिरलंय, नाहीतर मी जगले-मेले ह्यांना सारखंच. दोन्हीपैकी काय खरं असेल तर बरं, हे मला ठरवता येईना. त्या थंडीत मला जितकं एकटं वाटलं तितकं आज, ह्या रिकाम्या घरातही वाटत नाही. आज निदान कोणी समोर नाही म्हणून एकटी आहे. तेव्हा समोर माणूस बसून जेवत होता.

सॉस मी खाल्ला नाही. घरी म्हणायचे, आज नको, उद्या डब्यात द्या. डब्यात दिला की कचेरीतल्या बडे बाबूंना द्यायचे. बडे बाबू म्हणजे आमचे हेडक्लार्क, पक्के इंदोरी, कचोरी घेऊन तयारच बसायचे. बोटं चाटून म्हणायचे, मैडम, भाईसाब के हाथ में जादू है. मी ते ऐकून घ्यायचे आणि रिकामी डबी घेऊन घरी यायचे. हे डबी उघडून बघायचे आणि चेहरा उजळायचा. दुसऱ्या दिवशी सॉस आणखी जास्त. त्या रिकाम्या डबीवर ह्यांचा सगळा जीव उभा होता, आणि ती मी नाही, बडे बाबूच रिकामी करत होते. इकडे माझा अंगठा काही भरत नव्हता. पायमोज्यात लपवून ठेवत होते.

संक्रांतीच्या सुमाराला हे सियागंजात गूळ घ्यायला गेले. बडे बाबूंशी ह्यांची कचेरीच्या कार्यक्रमात कधीतरी ओळख झाली होती, ते नेमके तिथे भेटले. बडे बाबू म्हणजे दिलखुलास माणूस, पोटात काही राहायचं नाही. पिशवीत गूळ पाहिला आणि म्हणाले, "अरे भिया, बनाओ-बनाओ, अपने को तो मजा आ रहा. मैडम तो चखती भी नहीं, उनका तो मीठा बंद है ना."

मी कचेरीतून आले तर हे टेबलाशी बसलेले. समोर गुळाची पिशवी, तशीच बांधलेली. अंगात स्वेटर, पायात चपला, आल्यापासून हललेच नव्हते. बाजारातलं सगळं सांगितलं, मग मला विचारलं, "तुझं नेमकं काय बंद आहे?"

मी म्हटलं, "मीठं. सांगितलं होतं की तुम्हाला."

"मीठ, का मीठा?"

"मीठं म्हणजे मीठाच ना. गोड. आणखी काय?"

"मग मीठ कशाला म्हणतेस तू?"

मी स्वयंपाकघरातल्या बरणीकडे बोट केलं, आणि तेव्हा उजेड पडला. इतक्या वर्षांत माझ्या नमकचं ह्यांनी मीठ करून ठेवलं होतं. आणि त्या दिवशी रिक्षातून रडत आलेली मी, मला कुठली शुद्ध मराठी सुचणार? डॉक्टरांचा मीठा तोंडात होता, त्याला आपलं मराठी शेपूट लावलं आणि मीठं म्हणून बोलून गेले. ह्यांनी ऐकलं मीठ. एका टिंबाचा घोळ. ह्यांचे वडील ब्लडप्रेशरने गेले होते. त्यांचंही आधी मीठच बंद केलं होतं, मग लकवा झाला. म्हणून त्या दिवशी पाठ हलली होती. म्हणून पहाटे उठले होते. आणि मला एकटीला अळणी खावं लागू नये म्हणून स्वतःही तेच खात होते. अळणी तोंडाला चव यावी म्हणून गूळ.

हे सगळं आम्हाला तिथल्या तिथे, एकेक करून कळत गेलं. मी पायमोजा काढून अंगठा दाखवला. ह्यांनी पाहिला. मग उठले आणि जाऊन पलंगावर झोपले, भिंतीकडे तोंड करून.

जे होऊ नये म्हणून इतके महिने तोंड शिवून बसले, तेच झालं. काही सुचेना म्हणून स्वयंपाकघरात गेले, वरण लावलं. बरणीत मीठ ओलं होऊन दगड झालं होतं, ते बत्त्याने फोडलं. ताट वाढून पलंगापाशी नेलं. मी शेजारी बसले. बऱ्याच वेळाने हे उठून बसले. पहिला घास घेतला आणि तो तसाच तोंडात धरून ठेवला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"मला वाटलं, माझ्या बापासारखी तूपण जाणार," ह्यांनी म्हटलं.

मी म्हटलं, "आणि मला वाटलं, तुम्ही गेलातच."

मग आम्ही हसायला लागलो. रडत होतो आणि हसत होतो. शेजारची बाई काय झालं म्हणून दारात येऊन उभी राहिली. तिला काय सांगणार, हे मीठ आमच्या घरी इतक्या दिवसांनी आलंय म्हणून?

दुसऱ्या दिवशी हे परत स्टोव्हपाशी होते. गुळाची पिशवी शेजारणीला देऊन टाकली. आता जिद्द ही की सॉस तोच, पण गुळाशिवाय आणि सत्त्वाशिवाय, कारण डॉक्टरांनी पिठाचं, स्टार्चचंही जपून म्हटलं होतं. गुळाचं ह्यांना फार वाटलं नाही, पण खळीशिवाय दाट करायचं म्हणजे जन्मभराची विद्या खुंटीला टांगायची. नुसता रस आटवला तर त्यातही साखरच, असं डॉक्टरांकडून कळलं. मग हे सालीकडे वळले. पहिल्यांदा इतकं कडू झालं की मांजराने वास घेऊन तोंड फिरवलं. मग सालीच्या आतला पांढरा पापुद्रा चमच्याने खरवडून काढायला लागले, साल बारीक चिरून उकळायची, पाणी फेकायचं, परत उकळायची, कडवटपणा बेताचा राहीपर्यंत. दाटपणाला भाजलेले शेंगदाणे आणि तीळ वाटून. सोलापूरच्या माणसाला शेवटी शेंगदाणाच आठवणार. फोडणीत मोहरी, हिंग, हिरवी मिरची. आणि भाजलेल्या बडीशेपेची पूड, कारण तिने जिभेला उगीच गोडाचा भास होतो. रस संत्र्याचा अगदी नावाला, लिंबाचा मात्र सढळ, तोही भांडं खाली उतरवल्यावर. आणि सगळ्यात आधी मीठ. साल उकळायच्या पाण्यातच मीठ. हा ह्यांचा कायदा, आणि ते घालताना माझ्याकडे बघायचे.

जमला तेव्हा ह्यांनी दोन बोटांत धरून बघितला. तार काही येईना. म्हणाले, मागावर नाही चालायचा, पण तुला चालेल. मी उकडलेल्या अंड्यावर घालून खाल्ला, मग कोबीवर, मग नुसता चमच्याने. आंबट, कडसर, झणझणीत. बडे बाबूंनी चाखला आणि तोंड वाकडं केलं, मैडम, अब वो बात नहीं रही. मी म्हटलं, कशी राहील, आता हा माझा आहे. अंगठा भरत आला. ह्यांचं बोलणं परत सुरू झालं, टोकणंही. बुद्धपौर्णिमेला खीर करायची नाही, त्याऐवजी काय, ह्यावर आम्ही फेब्रुवारीतच भांडून घेतलं.

पण उभं राहिलेलं माणूस चालायला लागणारच. रंगपंचमी झाली आणि मिलमधल्या एका जुन्या सोबत्याचा निरोप आला. मालेगावला यंत्रमागवाल्यांच्या सायझिंगमध्ये, म्हणजे खळीच्याच खात्यात, जाणकार माणूस पाहिजे होता. मी ह्यांचा चेहरा बघितला आणि नको म्हणायचं ते गिळलं. माझी नोकरी सरकारी, ती सोडून चालणार नव्हतं. इतके महिने एकच मागत होते, हा माणूस उठू दे. उठला. आणि पिशवी भरून बसमध्ये बसला.

मग वर्षानुवर्षं तसंच. सुट्टी मिळाली की यायचे, अंगाला तोच आंबूस वास. मालेगावची बस इंदूरच्या अलीकडे मानपूरला चहाला थांबायची. तिथून हे लिंबं घ्यायचे आणि फोनच्या बूथवरून शेजारी फोन करायचे. शेजारीण हाक मारायची, मी धावत जायचे. हे फक्त विचारायचे, मीठ आहे ना घरात? मी म्हणायचे, मीठ आहे, मीठं नाही. एवढंच बोलणं, मग लाइन कापायची. येऊन सॉस करायचे, एक बरणी भरून ठेवायचे आणि जायचे. मी जेवताना एकेक चमचा घ्यायचे. बरणीचा तळ दिसायला लागला की आता येतील म्हणायचे. कधी यायचे, कधी नाही यायचे. एकटीचं जेवण म्हणजे काय असतं, ते त्या बरणीने मला शिकवलं. घास उतरत नाही आणि ताट उचलायला मन होत नाही.

एका दुपारी शेजारणीने हाक मारली. मी धावत गेले. मला वाटलं मानपूर. फोन मालेगावहून होता. खळीच्या हौदापाशी बसल्या जागी गेले म्हणे, छातीत कळ आली असेल. कोणाला काही बोललेही नाहीत. मी रिसीव्हर धरून उभी होते आणि पलीकडचा माणूस हॅलो हॅलो करत होता. घरी बरणी अर्धी होती. ती मी संपवली नाही. तिला बुरशी आली, मग धुऊन पालथी घातली.

मी रिटायर झाले. हे घर घेतलं, वर एक खोली काढली. शुगर आटोक्यात आहे, पाय शाबूत आहेत. बहिणी आता नाहीत. भाचरं फोन करतात, हिंदीतच बोलतात. सगळ्यांना मी काय म्हणते ते बरोब्बर कळतं. कोणी टोकत नाही.

रविवारी मुलगी संत्री घेऊन आली. मला वाटलं होतं, विसरले असेन, पण पांढरा पापुद्रा खरवडायला बसले आणि हात आपोआप चालले. तिला साल चिरायला दिली. ती आपल्या आईचं सांगत होती, कंपनीतलं सांगत होती, इथे रविवार अंगावर येतो म्हणाली. मी म्हटलं, येतो खरा. मीठ आधी घातलं, मग साल. शेंगदाणे वाटताना घरभर वास सुटला. लिंबू पिळलं, भांडं उतरवलं, आणि नकळत थेंब दोन बोटांत धरून बघितला. ती म्हणाली, हे काय करताय काकू. मी म्हटलं, काही नाही, सवय.

अंडी उकडली होती. दोन ताटं वाढली. तिने खाल्लं, भारी झालंय म्हणाली, पण जपून बोटाने चाटत होती. मला वाटलं, हल्लीच्या पोरी, हिला वजनाची काळजी असणार. म्हणून म्हटलं, "पोटभर खा गं, ह्यात मीठं काहीच नाही."

ती पटकन उठली. ओट्यावरची मिठाची बरणी उचलून आणली, म्हणाली, सांगायचं ना काकू, आधी. आणि स्वतःच्या ताटात चिमूटभर मीठ घातलं, मग न विचारता माझ्याही ताटात सढळ हाताने घातलं आणि चमच्याने नीट ढवळून दिलं.

मी तिला टोकलं नाही. सॉस खारट झाला होता, खाववत नव्हता इतका खारट. मी ताट पुसून खाल्लं आणि तिला म्हटलं, पुढच्या रविवारीही ये.